गाडीच्या कपाळावरचा अर्धा म

आमच्या घरी गाडी आली ती ढकलत आली. लोकांच्या घरी गाडी येते तेव्हा हार असतो, चाकाखाली लिंबू असतं, पेढ्यांचा पुडा असतो. आमची जीप डांबरी रस्त्यापर्यंत ट्रॅक्टरने ओढत आणली आणि तिथून पुढे आमच्या बोळात ट्रॅक्टर शिरेना म्हणून माझे वडील, माझा भाऊ आणि वस्तीतली चार माणसं तिला खांदा लावून अंगणापर्यंत घेऊन आली. चारही टायर बसलेले होते. टपाच्या कापडाच्या चिंध्या वाऱ्यावर उडत होत्या. आई भाकरीचं पीठ हाताला लागलेलं तशीच दारात आली, तिने गाडीकडे पाहिलं, मग वडिलांकडे पाहिलं आणि म्हणाली, "रिटायर झाल्याव मानसं घर बांधत्यात. आमच्या मानसानं पत्रा आनला."

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. डिंभ्याच्या धरणावर ते सरकारी जीप चालवायचे आणि ती जीप हीच. साहेब येत, दोन-तीन वर्षं राहत, बदलून जात. जीप आणि दादा तिथेच. त्यांनी तिला पावसात बंद पडू दिलं नाही, उन्हात तापू दिलं नाही, साहेबांच्या बायकामुलांना भीमाशंकर दाखवून आणलं आणि साहेबांची कुत्रीसुद्धा मंचरला डॉक्टरकडे नेली. आम्ही मात्र त्या जीपमध्ये एकदाही बसलो नव्हतो. सरकारी गाडीत घरची माणसं बसवायची नाहीत, हा नियम साहेबांनी रोज मोडला आणि दादांनी कधीच मोडला नाही. पुढे जीप मोडीत निघाली आणि त्याच सुमारास दादाही. लिलावाला सगळे भंगारवाले जमले होते. त्यांच्यात उभं राहून दादांनी ती घेतली. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्यांच्या मनात काय होतं ते मला पुढे हळूहळू कळलं, आणि कळलं म्हणूनच हे प्रकरण लिहायला मी इतकी वर्षं टाळाटाळ केली. लिहायला बसले की अजून माझा संताप होतो. मनातून काही गेलेलं नाही, हे वाचणाऱ्याने आधीच समजून घ्यावं.

आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, घोडनदीकडे. घरापुढे एक शेवग्याचं झाड. त्याच्या सावलीत जीप उभी राहिली आणि तो सगळा उन्हाळा आणि पुढचा हिवाळा आमचं घर म्हणजे एक कारखानाच झाला. गाडीचा तळ इतका गंजला होता की आत बसलं तर खालची जमीन दिसायची. आमची एक कोंबडी खालून आत शिरून मागच्या शिटेखाली अंडी घालायला लागली होती. दादा आणि माझा थोरला भाऊ सिद्धार्थ सकाळी चहा झाला की कामाला लागत. सिद्धार्थने आयटीआयला फिटरचं शिक्षण घेतलं होतं, पण चाकणच्या कारखान्यांच्या गेटवर उभं राहून राहून तो कंटाळून घरी आला होता. हात मात्र त्याचा देखणा. कुजलेला पत्रा तो असा कापून काढायचा की चांगल्या पत्र्याला धक्का लागू नये. नवा तुकडा बसवायचा, ठोकायचा, कानशीने घासायचा, खड्डे बुजवायला त्यावर लांबी भरायची, ती वाळली की पॉलिश पेपरने पुन्हा घासायची. दादा डोळे मिटून पत्र्यावरून तळहात फिरवत आणि म्हणत, "हितं टेंगूळ लागतंय." की पुन्हा घासाघाशी. दिवसभर ठणठण आणि खरखर. दुपारी रेडिओवरची गाणीसुद्धा त्यातून ऐकू यायची नाहीत. बोळातून जाणारे विचारायचे, "काय राव, रणगाडा बनिवताय का?" दादा म्हणायचे, "बनिवतोय. तुमाला बसवू की पयलं." असे हसरे दादा मी त्या वर्षाच्या आधी पाहिले नव्हते आणि नंतरही नाहीत.

आतलं काम माझ्याकडे आलं. मी बारावीला इंग्रजीत आपटले होते आणि घोडेगावला शिवणक्लासला जात होते. दादांनी मंचरहून रेक्झिन आणायचं ठरवलं. आधीच्या शिटा काळ्या होत्या, म्हणून मी म्हणाले काळंच आणा, मळलेलं दिसणार नाही. दादा म्हणाले, "साहेबाच्या गाडीत काळं व्हतं. आपल्या गाडीत तुला पायजे ते आन." मग मी मरून रेक्झिन आणि कडेला साय रंगाची पायपिंग निवडली. आईच्या मशीनवर पहिल्याच दिवशी तीन सुया तुटल्या. "माझ्या मशीनची वाट लावशील, वंदे," म्हणत आईने मशीनवर चादर टाकली आणि माझ्या हातात दाभण दिलं, पोती शिवायचं. जाड दोरा मेणबत्तीवर घासून घ्यायचा, दाभण टोचायचं, पलीकडून पक्कडीने ओढायचं. एकेका टाक्याला जीव जायचा. शिटेच्या स्प्रिंगा गंजल्या होत्या त्या सिद्धार्थने नीट करून दिल्या, त्यावर मी काथ्या पसरला, आणि काथ्या टोचू नये म्हणून आईने दोन विरलेल्या गोधड्या काढून दिल्या. त्यातली एक माझ्याच अंगावरची, लहानपणची. दारांच्या आतल्या बाजूला, टपाला आतून, सगळीकडे मी अस्तर लावलं. बोटांना भोकं पडली होती. भाकरी खाताना चटणीचं तिखट त्यात शिरायचं आणि मी डावा हात वापरला की आई ओरडायची.

रंग निळा. त्याबद्दल घरात चर्चासुद्धा झाली नाही. रंग लावायच्या दिवशी आईने अंगणात सडा घातला, तोही दोनदा, धुरळा उठू नये म्हणून. कोंबड्या डालग्याखाली कोंडल्या. चुलीची राख उडेल म्हणून चूल पेटवली नाही. आदल्या दिवशीच्या बाजरीच्या भाकरी आणि सुकटीची चटणी आम्ही दाराच्या आत उभ्या उभ्या खाल्ली. दादा आणि सिद्धार्थ ब्रश घेऊन दोन बाजूंनी निघाले आणि बॉनेटवर भेटले. जेवायला आत आले तेवढ्यात एक कोंबडी डालगं उचलून बाहेर पडली आणि ओल्या बॉनेटवरून आरपार चालत गेली. दादांनी दुसऱ्या दिवशी ते घासून पुन्हा रंग दिला, पण उतरत्या उन्हात तिरकं पाहिलं की तीन बोटांची ती पावलं पुढेही दिसायची. आई म्हणायची, गाडीवर पहिला पाय तिचाच.

आता नाव. आमच्याकडे गाडीला नाव टाकल्याशिवाय गाडी पुरी होत नाही. टपाच्या पुढे, काचेच्या वर पत्र्याची पट्टी असते, तिला आम्ही गाडीचं कपाळ म्हणतो. तिथे कुणाचा देव असतो, कुणाच्या आईवडिलांचा आशीर्वाद असतो. स्टिकर कापून मिळायचे दिवस अजून यायचे होते. पेंटर बोलवावा लागे. मंचरहून सायकलवर एक पेंटर आला. दादांनी त्याला कागदावर नाव लिहून दिलं, घरात आले आणि चहाला बसले. नाव त्यांनी तोवर आम्हालाही सांगितलं नव्हतं. चहा घेऊन आम्ही सगळेच बाहेर आलो तर कपाळावर पांढऱ्या ठळक अक्षरांत, पिवळी सावली देऊन, लिहिलेलं होतं: धर्मज्योती. पेंटर कौतुकाची वाट पाहत उभा होता.

"भाऊ, हे काय लिवलं?" दादा म्हणाले.

"तुमच्या कागदाव चुकलं व्हतं. मी बरूबर केलं," पेंटर म्हणाला. त्याच्या बोलण्यात तिळाइतकंही वाकडं नव्हतं. त्याने उपकारच केले होते.

दादा खो खो हसले. त्याला म्हणाले, "आवो, आमचा धम्म है. त्याला रफार न्हाई. दोन म हैत. एक अर्धा, एक पुरा."

"त्या अर्ध्या म नं काय फरक पडतुया?"

"तुमाला न्हाई पडत. माज्या बापानं त्येच्यासाठी घरातलं समदं देव नदीत सोडलं, गावाची कामं सोडली. गावानं वरीसभर किराना दिला न्हाई. पुसा ते."

पेंटरने रॉकेलचा बोळा फिरवला आणि पुन्हा लिहिलं, धम्मज्योती. आईने त्या दिवशी मासवड्या केल्या होत्या, सारण भरलेल्या, आणि वर तर्री आलेला काळ्या मसाल्याचा रस्सा. पेंटर पोटभर जेवला, जाताना म्हणाला, "माझ्याकडनं चूक झाली, दादा." आज नारायणगावला माझं आणि माझ्या नवऱ्याचं गाड्यांच्या शीट-कव्हरचं दुकान आहे. पाठीवर नाव शिवून मागणारे पुष्कळ येतात. मी कागद आणि पेन पुढे करते आणि सांगते, तुमच्या हाताने लिहा, जसं लिहाल तसं शिवीन, चुकलं असलं तरी. नवरा म्हणतो, गिऱ्हाइकाला चूक दाखवून द्यावी. मी दाखवत नाही.

पहिली फेरी आणे गावाला, आत्याकडे. निघताना आई सवयीने मागे चढायला गेली. दादांनी तिला खाली उतरवलं, पुढचं डावं दार उघडून धरलं, जसं त्यांनी सगळी नोकरी उघडून धरलं होतं, आणि म्हणाले, "बसा, सायेब." आईने पदर डोक्यावर घेतला आणि बसली. आण्याचा घाट चढून जाईपर्यंत ती दोन्ही हात मांडीखाली घालून शीट घट्ट धरून बसली होती. तेव्हा मला कळलं की दादांनी ती जीप कशासाठी घेतली. पठारावर आत्याने शिटेवरून हात फिरवला आणि म्हणाली, "ह्या पोरीनं शिवलं हे? बया!" आत्याच्या घरी पाणी लांबून आणावं लागायचं, तरी तिने आधी गाडीची चाकं धुतली आणि मग आम्हाला पाय धुवायला दिलं.

इथवर सगळं चांगलं आहे. इथेच थांबता आलं असतं तर बरं होतं.

सिद्धार्थने जीप घोडेगाव-डिंभे लायनीला लावली. एसटी तेव्हा मनात येईल तशी यायची, त्यामुळे जीपवाल्यांचं बरं चालायचं. स्टँडवर गाड्या नंबरने उभ्या राहत. पुढची भरली की मागची. आमच्या गाडीचा नंबर आला की मात्र गर्दी पातळ व्हायची. धरणावरचे मासेवाले बसत, वरच्या डोंगरातल्या बायका बसत, आमच्यातले लोक बसत. बाकीचे उभे राहत. मी एकदा त्याच्याबरोबर होते. एक बाई डोक्यावरची पाटी उतरवून मागे चढली, शिटेवर टेकली, "काय मऊ है गं," असं मला म्हणालीसुद्धा. तिच्या नवऱ्याने गाडीच्या पुढून येताना कपाळाकडे पाहिलं. "खाली ये," तो म्हणाला, "म्हागल्या गाडीनं जाऊ. हिला टाइम लागंल." बाई उतरली. मागच्या गाडीत अजून ड्रायव्हरही आला नव्हता. आमच्या तालुक्यात कुणी कुणाला तोंडावर टोचून बोलत नाही, माणसं गोड आहेत. ती एवढंच म्हणतात की टाइम लागेल.

सिद्धार्थ घरी येऊन हे सांगायचा. दादा म्हणायचे, "ज्याला वाचून बसायचं न्हाई त्याला ऱ्हाऊ दे खाली." एकदा सिद्धार्थ ताटावरून उठला. "खाली मी ऱ्हातोय, दादा," तो म्हणाला. "तुमाला पगार व्हता. गाडी भरो न भरो, तुमाला काय व्हतं? मला रोज शिटा भराव्या लागत्यात." भाऊ खोटं बोलत नव्हता, हे मला तेव्हाही माहीत होतं. म्हणून तर त्याचा जास्त राग येतो.

मग आप्पा आले. वरच्या आळीतले आप्पा, ऊस, द्राक्षं, दोन विहिरी. दादांच्या बरोबरीचे, एका वर्गात शिकलेले. दादांना ते जन्मभर 'नामा' म्हणत आले. गाडी अंगणात चमकायला लागली तसा नामाचा नामदेवराव झाला. आप्पा आमच्याकडे अधूनमधून येत, ओट्यावर बसत, हसतखेळत बोलत. पण ते कधीही आले तरी त्यांचा चहा आत्ताच झालेला असायचा. सकाळी आले तरी आत्ताच झालेला, भर दुपारी आले तरी आत्ताच. पाणी तर त्यांना कधी लागायचंच नाही.

"नामदेवराव," आप्पा म्हणाले, "पोराचं लगीन है. नवरदेव तुमच्याच गाडीत बसवायचा. अशी शीट तालुक्यात न्हाई, खरं सांगतो."

दादांचा चेहरा खुलला. माझाही खुलला असणार. मी दाराआड उभी होते. "न्या की. घरचंच कार्य है," दादा म्हणाले. "सिधू घिऊन येईल."

"तेवढं एक," आप्पांनी आवाज उतरवला. "कपाळाव झेंडूचा पडदा सोडू. पार काचेपर्यंत. शोभा बी येईल."

"शोभा है की तशी बी."

"तसं न्हाई वो. आपलं काय न्हाई. पावणं जुन्या वळणाचं हैत. उगं कशाला कुनाच्या तोंडी?"

दादांनी गाडीकडे पाहिलं. मग म्हणाले, "आप्पा, च्या घेता का?"

"आत्ताच झाला."

"मंग गाडी बी आत्ताच दुसरीकडं ठरली," दादा म्हणाले.

आप्पा हसले, उठले, हसतच गेले. आत आई तोंडाला पदर लावून हसत होती. सिद्धार्थ हसला नाही. तो गाडीच्या चाकापाशी बसला होता आणि त्याने सगळं ऐकलं होतं. आप्पांची ओळख सगळ्या लायनीला. त्यांच्या घरचा नवरदेव आमच्या गाडीत बसला असता तर दुसऱ्या दिवशीपासून कुणाला टाइम लागला नसता, असं त्याचं म्हणणं. संध्याकाळपर्यंत बापलेकांचं वाजत राहिलं. दादा एवढंच म्हणत राहिले की झाकायचंच होतं तर लिहिलं कशाला.

ते वाक्य सिद्धार्थने उलटीकडून धरलं. दोन दिवसांनी गाडी काम करून आणतो म्हणून तो मंचरला गेला. परत आला तेव्हा दादा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. गाडी शेवग्याखाली उभी राहिली. धुऊन पुसून आणली होती, टायरला काळं लावलं होतं, आणि कपाळावर लिहिलेलं होतं, धर्मज्योती. तीच पांढरी अक्षरं, तीच पिवळी सावली. हातही त्याच पेंटरचा. सिद्धार्थने पुढे एकदा मला सांगितलं, पेंटर त्याला म्हणाला होता, "मी तर तवाच म्हनत व्हतो." झाकलं नाही, पुसलं नाही, दुसरं नाव टाकलं नाही, एक अर्धा म खरवडून काढला आणि वर एक रफार दिला, बस. लांबून पाहणाऱ्याला कळणारही नाही. सिद्धार्थला वाटलं असावं की एवढंसं दादा चालवून घेतील. त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तर घेतलंही असतं.

दादा उठले, मांडीवरची टरफलं झाडली, गाडीजवळ गेले. डोळे मिटून पत्र्यावर टेंगूळ शोधायचे तसा त्यांनी त्या पट्टीवरून तळहात फिरवला. विचारलं, "अर्धा म कुटं है?"

"काडला," सिद्धार्थ म्हणाला.

"बरं," दादा म्हणाले आणि परत शेंगा फोडायला बसले. मी आयुष्यात खूप भांडणं पाहिली, केलीही. त्या 'बरं'सारखं काही ऐकलं नाही.

लग्न झालं. नवरदेव आमच्या गाडीत बसला, मी शिवलेल्या मरून शिटेवर, आमच्या गोधड्यांवर. गावातून बँडचा आवाज खालपर्यंत येत होता. दुसऱ्या दिवशी आप्पा आले, दादांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "नामदेवराव, मन मोठं केलं तुमी." चहा आत्ताच झाला होता.

त्यानंतर गाडी भरून धावायला लागली. पुढे तिच्यावर सिद्धार्थने दुसरी गाडी घेतली, घराला स्लॅब पडला, माझं लग्न झालं. हे सगळं त्या रफारावर झालं, हे मी नाकारत नाही. मी त्या घरात जेवत होते. दादा मात्र पुन्हा त्या गाडीत बसले नाहीत. मंचरला जायचं असलं की ते फाट्यापर्यंत चालत जायचे आणि एसटीची वाट पाहत उभे राहायचे. सिद्धार्थ त्याच रस्त्याने यायचा. गाडी हळू करायचा, आतली माणसं सरकवून जागा करायचा, म्हणायचा, "दादा, बसा." दादा त्याच्याकडे न बघता रस्त्याच्या मागच्या टोकाकडे बघायचे. "जा तू," म्हणायचे. "म्हागली येईल. हिला टाइम लागंल." गाडीतली माणसं हसायची. त्यांना वाटायचं म्हातारा विनोदी आहे. सिद्धार्थ गिअर टाकून निघून जायचा. वर्षानुवर्षं हे चाललं. मी माहेरी आले की दोघांनाही समजावून पाहायचे, मग सोडून दिलं. एका घरात राहून, एका चुलीवरचं खाऊन माणसं किती दिवस असं वागू शकतात याचा मला अंदाज नव्हता.

दादा मंचरच्या दवाखान्यातच वारले. छातीचं दुखणं होतं, फार दिवस काढले नाहीत. सकाळी दहाच्या सुमारास त्यांना घरी न्यायचं ठरलं, तर दवाखान्याची गाडी बाहेरगावी गेलेली. सिद्धार्थ बाहेर गेला आणि जीप आवारात घेऊन आला. दुसरी गाडी नारायणगावला प्रवासी घेऊन गेली होती. त्याने मागचं दार उघडलं, मधली शीट काढून बाजूला केली, चादर अंथरली. रेक्झिन तेव्हा फाटलं होतं, शिवणीतून माझी गोधडी बाहेर आली होती. कॉटवर दादा होते. आई त्यांच्या पायाशी उभी होती.

मी गाडीच्या पुढे गेले. "सिधू," मी म्हणाले, "ह्या नावाखाली न्यायचं न्हाई त्यांला."

तो माझ्याशी वाद घालेल असं मला वाटलं होतं. त्याने पान्यांची पिशवी उघडली, पेचकस काढला आणि माझ्या हातात दिला. त्याच्याच्याने झालं नसतं. मी बंपरवर चढले आणि रफार खरवडायला लागले. रंग जुना होता, पोपडे निघत गेले, खालून प्रायमरची लाल रेघ दिसायला लागली. खरवडून झालं आणि मी खाली उतरून पाहिलं. रफार गेला होता. पण अर्धा म तर आधीच गेलेला होता, आणि तो लिहायला तिथे ना ब्रश होता ना रंग. गाडीच्या कपाळावर उरलं होतं धमज्योती.

असा शब्द कुठेच नाही. त्या शब्दाखालून आम्ही दादांना आत घेतलं. मी मागे बसले, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. आई पुढे बसेना, तीही मागेच चढली. सिद्धार्थ दार लावून पुढे निघाला तर आवारात एक माणूस उभा होता, कुणातरी पेशंटचा नातेवाईक, हातात दुधाची किटली. आमच्यात काय झालंय हे त्याला दिसत असणार, कारण त्याने टोपी काढली होती. पण समोर लिहिलेलं असलं की माणूस वाचतो. त्याने वाचलं आणि अगदी आपुलकीने सिद्धार्थला म्हणाला, "भाऊ, रफार ऱ्हायलाय बघा वर. धर्म पायजे तिथं."

सिद्धार्थने बाहीने डोळे पुसले. "व्हय," तो म्हणाला. "घालून घेतो."

दादांचं पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले, मी नारायणगावला निघाले. सिद्धार्थने फाट्यावर मला सोडायला म्हणून जीप काढली. तो मंचरला जाऊन आला होता. त्याने रफार घालून घेतला होता. मी फाट्यापर्यंत चालत गेले.